फळा दिसावा, तोंड नको

गुरुलिंग मास्तरांना देवानं अक्कल दिली ती पोत्यानं, आणि तोंड दिलं ते असं, की बघणाऱ्यानं आधी मान खाली घालावी आणि मग चोरून पुन्हा वर बघावं. तोंडभर कोड. डावा गाल पांढराफेक, उजवा सावळा, ओठांच्या कडा गुलाबी. लहानपणी लातूरच्या मोंढ्यातली पोरं त्यांना 'काबऱ्या' म्हणायची, सरळ तोंडावर. पुढं सगळे शहाणे झाले, पाठीमागं म्हणायला लागले. लिंगायताच्या घरात कपाळाला विभूती लावायची रीतच आहे, पण मास्तर ती गालाच्या हाडापर्यंत अशी थापायचे की लोक म्हणत, हा भक्त नव्हे, हा रंगारी. आणि खोटं कशाला बोला, होतंही तसंच. घरात आरसा नव्हता. बायको दानम्मा कुंकू लावायची ती पितळी ताटात बघून, आणि मास्तर दाढी करायचे ती चाचपून.

एकाच जागी त्यांना तोंड लागत नव्हतं, फळ्यापुढं. वर्गात आले की पोरांकडं पाठ करायची, खडू घ्यायचा आणि सुरू. आवाज मात्र काय सांगावा! भरदार, गोड, शेवटच्या बाकड्यापर्यंत पोचणारा. प्रमेय असं उलगडायचे की भिंतीला टेकून पेंगणारा टोणगासुद्धा ताठ बसायचा. दोन्हीकडं सारखं पद आलं की ओरडायचे, "कापा! दयामाया नको!" तेवढा तासभर पोरं त्यांना 'सर' म्हणायची, आणि मनापासून म्हणायची. त्या एका शब्दावर मास्तर उरलेला दिवस काढायचे. कुणी पैशासाठी झुरतं, कुणी पोरासाठी. हा माणूस चार गावांत 'गुरुलिंग सर' म्हणून ओळखलं जावं, काबऱ्या म्हणून नव्हे, एवढ्यासाठी झुरत होता.

लातूर जिल्हा होऊन चार-पाच वर्षं झाली होती. कलेक्टर आले, कचेऱ्या आल्या, साहेबांची पोरं आली, आणि ज्याच्या त्याच्या डोक्यात एकच खूळ शिरलं, पोरगं एक तर डॉक्टर नाही तर इंजिनेर. पाऊस मात्र जिल्हा झाला म्हणून काही जास्त पडत नाही. त्या साली तर त्यानं ओळखच सोडली. मोंढ्यात तूर येईना, ज्वारी येईना, हमाल ओट्यावर पत्ते कुटत बसले. चंद्रप्पा आडत्याचं मोठं गोदाम रिकामं पडलं. पण चंद्रप्पाचं डोकं कधी रिकामं नसायचं. त्यानं पोत्यांच्या जागी बाकडी मांडली, भिंतीला फळा ठोकला आणि नात्यातल्या गुरुलिंगला बोलावून घेतलं.

"गुरुलिंगा, धान्य न्हाई तर न्हाई, पोरं भरू. तू शिकव."

मास्तर एका खाजगी शाळेत तात्पुरते होते. दर उन्हाळ्यात काढायचे, दर पावसाळ्यात घ्यायचे. ते सोडून इथं आले. दिवसभर घरोघरची पोरं घागरी घेऊन टँकरच्या रांगेत, म्हणून वर्ग भरायचा पहाटे. गोदामाला खिडकी नाही, धान्याला उजेड कशाला लागतो? वर एक बल्ब, आणि वीज अशी की तो बल्ब जळतोय का विझतोय हे बोट लावून बघावं. त्या काळोखात पोरं नुसती दाटली. अहमदपूरहून पहिल्या एस्टीनं यायला लागली. आणि काळोखात मास्तरांचं तोंड कुणाला दिसत नव्हतं, हे मास्तरांनी कुणाला सांगितलं नाही, पण त्यांना ती जागा देवळासारखी वाटायची.

चंद्रप्पानं लेकीच्या लग्नात नांदेडहून व्हिडिओवाला आणला होता. लग्नाची कॅसेट घरात इतक्यांदा लागली की शेवटी ती नवरा-नवरीलाच बघवेना. त्यातला नवरा म्हणजे जावई विरूपाक्ष. घरजावई. नाक सरळ, रंग केतकीचा, केस असे की वाऱ्यानंही परवानगी घेऊन हलवावेत. बी.एस्सी.ची परीक्षा मात्र त्याला काही केल्या जवळ येऊ देत नव्हती. सासऱ्याच्या गादीवर बसून तो दिवसभर दाराकडं बघायचा, गिऱ्हाईक त्याच्याकडं बघायचं, एवढाच धंदा.

एक दिवस कॅसेट बघता बघता चंद्रप्पाला युक्ती सुचली.

"गुरुलिंगा, पोतं एकदाच विकता येतं. तुझं शिकवणं जर कॅसेटात भरलं, तर अहमदपूरला विका, मुदखेडला विका, बिलोलीला विका, माल जिथल्या तिथं! एक खोली, एक टीव्ही. बाहेर पाटी, 'गुरुलिंग सरांचे गणित'."

मास्तरांनी तो शब्द मनात घोळवला. पाटी. मुदखेडच्या रस्त्यावर, जिथं त्यांना कुत्रं ओळखत नाही, तिथं त्यांचं नाव.

"आप्पा, पाटीवर नाव नक्की?" त्यांनी लाजतच विचारलं.

"भाऊबंदात आता कागद करतो का?" चंद्रप्पानं गळ्यातल्या लिंगावर हात ठेवला. "हे घे. झालं?"

झालं. दुसरा कुणी असता तर दोन ओळी लिहून मागितल्या असत्या. पण लिंगावर हात ठेवलेल्या माणसाकडं कागद मागायचा म्हणजे त्याच्या बापाला शिवी दिल्यासारखं. मास्तर मान डोलावून घरी आले.

कॅमेरा आणायला नांदेडला गेले ते दोघं, मास्तर आणि विरूपाक्ष. "काय घ्यायचा ते तू ठरव, तुला विज्ञान कळतं," असं चंद्रप्पानं मास्तरांना बजावलं होतं. वजिराबादेत खाजामियाँचं दुकान होतं. लग्नाची शूटिंगं करणारा म्हातारा माणूस, बाहेरून आलेले कॅमेरे विकायचा. त्यानं सगळं ऐकून घेतलं. गोदाम, खिडकी नाही, एक बल्ब, व्होल्टेजची बोंब. मग शटर खाली ओढलं, एक मरतुकडा दिवा लावला, दुकानातली दर लिहायची काळी फळी भिंतीला लावली आणि म्हणाला, "लिखो मास्तरसाब. अंधेरे का माल अंधेरे में च देखना."

मास्तरांनी फळीवर वर्गसमीकरण मांडलं. खाजामियाँनी पहिला कॅमेरा लावला, वायर रंगीत टीव्हीला जोडली, आणि म्हणाला, "अब इधर देखो."

मास्तर वळले आणि टीव्हीत त्यांनी एक माणूस बघितला.

कितीतरी वर्षांनी बघितला. एक गाल दुधासारखा, दुसरा मातीसारखा, ओठ सोललेले, विभूतीची पपडी घामानं फुटून डागांत डाग मिसळलेले. मास्तरांनी मान हलवली, त्या माणसानंही हलवली. मागं विरूपाक्षानं हसू दाबलं ते नाकातून बाहेर आलं. मास्तरांना वाटलं, इतकी वर्षं लोक हेच बघून राहिलेत? रोज? दानम्मासुद्धा? त्यांच्या हातातला खडू मोडला.

"ये अच्छा कॅमेरा," खाजामियाँ आपल्या नादात होता. "थोडे उजाले में भी आदमी पकडता. अक्षरं थोडी फुगरी, पण बाजू से एक दिवा दिये की बस, सब साफ."

अक्षरं खरंच फुगत होती. खडूची रेघ पांढरी पसरायची, हात हलला की मागं धुरासारखी शेपटी राहायची. मास्तरांनी तेवढंच धरलं.

"न्हाई जमायचं. घात दोनचा का तीनचा ते कळत न्हाई. दुसरा दाखवा."

दुसरा लावला. फळी काळीकुट्ट, अक्षरं कोरल्यासारखी, मुळाचं चिन्हसुद्धा टोकासकट. आणि फळीच्या पुढं एक काळा ठोकळा. तोंड नाही, गाल नाही, काही नाही. ठोकळ्यानं हात वर केला, अक्षर उमटलं. मास्तर टीव्हीकडं बघतच राहिले. जन्मात पहिल्यांदा त्यांना आपण चारचौघांसारखे दिसलो असं वाटलं.

"मास्तरसाब, इसमें फळा दिखरा, तुम नै दिखरे," खाजामियाँ म्हणाला. "पढानेवाले का मुँह नको क्या तुमको? एक दिवा मारो मुँह पर, पहला च ले जाव."

"बाजूचा दिवा फळ्यावर चमकतो," मास्तर म्हणाले. "पोरांना गणित बघायचंय, माझं तोंड कशाला?"

साफ खोटं. दिवा तिरका धरला की चमक जाते हे सातवीतल्या पोरालाही कळतं, आणि ह्यांनी तर शाळेत प्रकाशाचे नियम शिकवलेले. खाजामियाँला थाप कळली, पण गिऱ्हाईकाच्या डोळ्यांत पाणी बघितल्यावर तो गप बसला. विरूपाक्ष मात्र टीव्हीतल्या काळ्या ठोकळ्याकडं एकटक बघत होता. त्याच्या डोक्यात काही शिरायला वेळ लागायचा, पण एकदा शिरलं की मुक्काम करायचं.

घरी आल्यावर दानम्मानं पहिलं तेच विचारलं. ती देगलूरकडची, बोलणं फटकळ. "तुमचं तोंड येतंय का हो त्यात?"

"न्हाई येत. फळा येतो."

"अय्य शिवा! मग ती कॅसेट बघून कुणाला कळावं हा कोण शिकवून राहिला?"

"आवाज हाय की. पाटीवर नाव हाय की."

"आवाजाला काय डोळे असतेत का?" दानम्मा चुलीत फुंकर घालत म्हणाली. "माझ्या माहेरी तर कुणी खरंच मानायचं न्हाई. मला विचाराल तर तोंड दाखवायचं. ज्यांना बघायचं त्यांनी बघावं, न्हाई त्यांनी डोळे झाकावे. मी न्हाई का रोज बघत?"

मास्तर तिच्यावर खेकसले. तिला गणितातलं काय कळतं, उजेडातलं काय कळतं, असं बरंच बोलले. ती पुन्हा चुलीत फुंकर घालायला लागली. तिच्या त्या शेवटच्या वाक्यात किती माया होती हे त्यांना त्या दिवशी कळलं नाही. तोंडाची लाज अशी असते, ती माया पण चावते.

पुढं हिवाळाभर मास्तर कॅसेटी भरत होते. विरूपाक्ष कॅमेऱ्याचं बटण दाबायचा आणि स्टुलावर डुलक्या घ्यायचा. मास्तरांनी जीव ओतला. खडू आदल्या दिवशी भिजवून ठेवायचे, म्हणजे अक्षर ठसठशीत यावं. त्या साली प्यायला पाणी नव्हतं, पण खडूसाठी त्यांनी आपल्या तांब्यातलं पाणी ओतलं. एखादं पद चुकीचं बोललं गेलं की अख्खी कॅसेट पुसायला लावायचे. भूमिती झाली, बीजगणित झालं, कलन झालं. घसा बसला तर दानम्मा ओव्याचा काढा घेऊन गोदामाच्या दाराशी उभी राहायची. कॅसेटींची थप्पी चंद्रप्पाच्या तिजोरीशेजारी चढत गेली. आपलं सगळं गणित पोत्यात भरून मास्तरांनी तोंड शिवून दिलं, आणि सुतळीही स्वतःचीच लावली.

शेवटची कॅसेट झाली आणि चंद्रप्पानं मास्तरांना गादीवर बोलावलं. समोर बसवलं, चहा पाजला.

"गुरुलिंगा, आता तू आराम कर."

"म्हणजे, आप्पा?"

"म्हणजे इथं लातुरातबी टीव्हीच लावायचा. बघ, राग नको धरू, तू घरचा म्हणून सांगतो. पोरींचे बाप येऊन बोलून राहिलेत. आत काळोख हाय, पण वर्ग सुटला की दाराशी तोंड दिसतंच, पोरी यायला तयार न्हाईत. काय करावं, एकेकाला किळस वाटते. टीव्हीत कसं, दिसतच न्हाई! तूच तर कॅमेरा तसा निवडलास, लई शहाणपण केलंस बघ."

हे त्यानं हसत हसत, पाठीवर थाप मारून सांगितलं. गरज सरो, वैद्य मरो, ही म्हण काय उगाच पडली? मास्तरांनी कप खाली ठेवला.

"आणि पाटी?" एवढंच त्यांच्या तोंडून निघालं.

"लावलीया की. चारी गावांत पाट्या हायेत," चंद्रप्पा म्हणाला आणि हमालाला हाक मारायला उठून गेला.

मास्तर घरात बसून राहिले. दानम्मा म्हणाली, आपण दुसरा वर्ग काढू. पण कुठं काढायचा? पोरांना टीव्हीतलं गणित पाहिजे झालं होतं, नवलाई होती. मास्तर मात्र मनाची समजूत घालायचे. जाऊ दे, तोंड नको तर नको, नाव तर फिरतंय. मुदखेडला एखादं पोरगं आपल्या बापाला म्हणत असेल, गुरुलिंग सरांमुळं मला कळलं. या एका विचारावर ते भाकरी गिळायचे.

एक दिवस त्यांना राहवलं नाही. पाटी एकदा डोळ्यांनी बघावी म्हणून ते अहमदपूरची एस्टी धरून गेले. बसस्टँडच्या मागं, बी-बियाणाच्या दुकानावर माडी होती, तिथं वर्ग चालायचा. पाटी मोठी होती, निळ्यावर पिवळी. 'विरूपाक्ष सरांचे गणित'. शेजारी विरूपाक्षाचा रंगीत फोटो, हातात खडू, केस जागच्या जागी.

मास्तर भर उन्हात पाटीखाली उभे राहिले. त्यांनी ती परत परत वाचली, जणू चिन्ह चुकलंय कुठंतरी. आयत्या बिळावर नागोबा बसतो हे सगळ्यांना माहीत असतं, पण आपण खणलेल्या बिळावर बसलेला नागोबा फोटोतून आपल्याकडंच बघून हसतोय, हे बघायला काळीज दगडाचं लागतं. ते जिना चढून वर गेले.

वर पडदे ओढून अंधार केला होता. बाकड्यांवर पोरं-पोरी दाटून बसलेली, सगळी नवी, लातूरच्या गोदामात कधी न आलेली, आणि समोर टीव्ही. टीव्ही लावणारा शेषेराव नावाचा माणूस दाराशी विडी ओढत होता. टीव्हीत काळा फळा, कोरीव अक्षरं, काळा ठोकळा, आणि तो आवाज. मास्तरांचा आवाज, मास्तरांच्याच कानात.

"बंद करा!" मास्तर ओरडले. "हे मी शिकवलंय. हा मी हाय!"

शेषेरावनं कॅसेट थांबवली. कुणीतरी पडदा सारला. सगळ्या वर्गानं मागं वळून मास्तरांकडं बघितलं, आणि पुढच्या दोन पोरींनी पटकन मान फिरवली.

"कोण तुम्ही?" शेषेरावनं विचारलं.

"मी गुरुलिंग. हे गणित माझं हाय. विरूपाक्षाला त्रैराशिक येत न्हाई हो! तो बटण दाबत होता, नुसतं बटण!"

पोरं हसायला लागली. एक पोरगं उभं राहिलं, चांगल्या घरचं, बोलायला गोड. "काका, सरांचा फोटो खाली लावलाय. सर गोरेपान हायेत. तुमच्या तोंडाला तर..." आणि ते बिचारं स्वतःच लाजून खाली बसलं.

मास्तर टीव्हीपाशी गेले. थांबलेल्या चित्रात काळा ठोकळा हात वर करून उभा होता. "इथं बघा," ते काचेवर बोट फिरवायला लागले. "हे माझं नाक. हा माझा गाल, पांढरा हाय, नीट बघा, दिसल." पोरांनी माना पुढं काढून बघितलं. काय दिसणार? काळं ते काळं. डाग सोडा, माणूस आहे का खांब आहे तेही कळत नव्हतं. डोळे फोडून बघितलं तरी त्यात गुरुलिंग नव्हता, कारण गुरुलिंगनंच त्याला तिथं येऊ दिलं नव्हतं. एक दिवा मागितला असता नांदेडात, एकच दिवा, तर आज तो गाल साक्षीला उभा राहिला असता. जगात कुणाकडं नसलेला गाल, चोरू म्हटलं तरी चोरता न येणारा. काचेवरचं बोट तिथंच थांबलं. विभूतीखाली तोंड भाजल्यासारखं झालं आणि त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा ती उपरण्यानं खसाखसा पुसून टाकली.

मग त्यांनी शेषेरावला सांगितलं, "लावा पुढं." कॅसेट सुरू झाली, आणि टीव्हीतला आवाज बोलायच्या आधी मास्तर बोलायला लागले. तोच स्वर, तोच दम, तीच थांबायची जागा. पोरांकडं तोंड करून, उघड्या तोंडानं, पडद्याच्या फटीतून आलेल्या उन्हात उभे राहून त्यांनी अख्खं प्रमेय म्हटलं. टीव्ही एका शब्दानं त्यांच्या मागं येत होता. पोरांनी लिहायचं सोडून माना वर केल्या. मास्तरांना वाटलं, कळलं. आता कळलं ह्यांना.

आणि टाळ्या पडल्या. बाकड्यांवर हात आपटून टाळ्या. "वा काका! काय नक्कल केली! हुबेहूब सर!" मागची पोरं शिट्ट्या मारत होती. मघाशी मान फिरवलेल्या पोरीसुद्धा आता टक लावून बघत होत्या, पोट धरून हसत होत्या. "पुन्हा! पुन्हा!"

"नक्कल न्हाई रे लेकरांनो, तो मीच..." मास्तर म्हणाले, आणि त्या वाक्याला सगळ्यात मोठा हशा पडला.

शेषेरावही खूश झाला. त्यानं विडी विझवली, मास्तरांना खुर्ची दिली, प्यायला पाणी दिलं. म्हणाला, "मामा, लई भारी कला हाय तुमच्याकडं. पुढच्या महिन्यात गॅदरिंग हाय, स्वतः विरूपाक्ष सर येणार हायेत. त्यांच्यापुढं करून दाखवा. सर असे खूश होतेल, बघाच." मग त्यानं वर्गाला गप केलं आणि टीव्हीचा आवाज बंद केला, म्हणजे पोरांना नक्कल नीट ऐकू यावी.

मास्तरांना दुसरा पुरावा सुचला नाही. ते खुर्चीवरून उठले, पोरांकडं तोंड करून उभे राहिले आणि प्रमेय पहिल्यापासून म्हणायला लागले.